साडेतीन वर्षांच्या मुलीचा डोळा आत जातो, एक डॉक्टर पट्टी म्हणतात एक ऑपरेशन, काय करू?

बार्शीची_आई

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, तिचा उजवा डोळा नाकाकडं जातो. अडीच वर्षांची असताना लग्नातले फोटो बघताना पहिल्यांदा लक्षात आलं, आधी वाटलं फोटोच तसा आलाय, मग चित्र रंगवताना, मोबाईल बघताना, म्हणजे जवळचं काही बघायला लागली की जास्तच दिसायला लागलं. सासूबाई म्हणाल्या थोडा तिरळा डोळा भाग्याचा असतो, मोठी झाली की जाईल. आणि शेजारच्या एक काकू तोंडावर म्हणाल्या की दिवस असताना ग्रहण नीट पाळलं नसशील. ते इतकं मनाला लागलंय की रात्रीची झोप गेलीय माझी.

सोलापूरला दाखवलं. तीन दिवस डोळ्यांत मलम घालायला लावून मग नंबर काढला, उजव्याला +५.५ आणि डाव्याला +४.५. चष्मा लागून चार महिने झाले. चष्मा लावला की डोळा बराच सरळ होतो पण थोडा आत राहतोच, काढला की परत सगळा आत. त्या डॉक्टरांनी रोज पट्टी बांधायला सांगितलेली, पण खरं सांगते, आमच्याकडून ती झालीच नाही, ती ओढून काढते, रडते आणि मला बघवत नाही. मग पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो तर ते म्हणाले ऑपरेशन लागेल. आता ऐकायचं कुणाचं? एवढ्याशा लेकराला पूर्ण भूल द्यायची म्हटलं की पोटात गोळा येतो. डोळा बाहेर काढून परत बसवतात असं ऐकलं, खरं आहे का? आणि ऑपरेशन झालं की चष्मा जातो का? मिस्टर म्हणतात पहिलीत जाईपर्यंत थांबू. प्लीज कुणाला अनुभव असेल तर सांगा.

नाशिकचा_बाबा

ताई, सगळ्यात आधी ते ग्रहणाचं डोक्यातून काढून टाका. आमच्याकडंही हेच झालं, बायकोनं तर ग्रहण कडक पाळलं होतं, खोलीच्या बाहेर आली नव्हती, तरी मुलाचा डोळा तिरळा निघाला. आमच्या घरात माझ्या मामांचा डोळा तसा होता, डॉक्टर म्हणाले घराण्यात असू शकतं. तुमची काही चूक नाही.

आमच्या मुलाचं ऑपरेशन चार वर्षांचा असताना झालं, आता सात वर्षांचा आहे. डोळा बाहेर वगैरे काही काढत नाहीत, आम्हालाही कुणीतरी असंच घाबरवलेलं. भुलीचं म्हणाल तर आधी रक्त तपासलं, बालरोगतज्ज्ञांचं फिटनेस घेतलं, सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढं ढकलतो म्हणाले आणि आमची एकदा ढकलली पण. सकाळी उपाशी न्यायचं होतं, खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चाललं. भूलवाल्या मॅडमना आधीच सगळं सांगा, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, मुलीला कसली ॲलर्जी आहे का, काहीही लपवू नका. आत नेलं तेव्हा बायको रडली, मी पण. तासाभरात बाहेर आणलं. संध्याकाळी घरी.

एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती म्हणून मुद्दाम लिहितो. पहिल्या दिवशी तो रडला तेव्हा डोळ्यांतून गुलाबी, रक्तमिश्रित पाणी आलं. आम्ही हादरलो, रात्री साडेदहाला डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले हे अपेक्षित आहे, शांत व्हा. उलट्याही दोन-तीनदा झाल्या, या ऑपरेशननंतर मुलांना उलट्या होतात म्हणे. डोळ्याचा पांढरा भाग लालभडक होतो, तो दोन-तीन आठवड्यांनी निवळत गेला. टाके आपोआप विरघळणारे असतात, काढावे लागत नाहीत.

आणि चष्मा अजून आहे. तो जाणार नाही हे धरूनच चाला.

दृष्टी_सेवा

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर नि चष्म्याचा नंबर तपासणारी, लहान मुलांच्या डोळ्यांच्या विभागात नऊ वर्षं काम करतेय. ऑपरेशन आम्ही करत नाही पण त्याआधीची मोजमापं आमच्याकडं होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बार्शीची_आई, तुमच्या लिहिण्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे ते म्हणजे "चष्मा लावला की बराच सरळ होतो पण पूर्ण नाही". प्लस नंबरच्या मुलाला स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याच्या आतल्या भिंगावर सतत जोर द्यावा लागतो, जवळचं बघताना तर जास्तच, आणि मेंदूत तो जोर आणि डोळे आत वळवणं या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. जोर दिला की डोळा आत ओढला जातो. म्हणून चित्र रंगवताना तुम्हाला जास्त दिसलं. चष्मा तो जोर काढून घेतो. म्हणजे चष्म्यानं जेवढा सरळ झाला तेवढा तिरळेपणा नंबरामुळं, आणि पूर्ण नंबरचा चष्मा दिवसभर लावूनही जो उरला तो ऑपरेशननं काढायचा. सर्जन फक्त उरलेल्याचंच ऑपरेशन करतात. सगळ्याचं केलं तर पुढं चष्मा लावल्यावर डोळा उलट बाहेर जाईल. म्हणून चष्मा जाईल का याचं उत्तर नाही, चष्मा हा तिच्या उपचाराचाच भाग आहे आणि आंघोळ नि झोप सोडून तो डोळ्यांवरच पाहिजे. ज्या मुलांचा डोळा चष्म्यानं पूर्ण सरळ होतो त्यांना ऑपरेशन लागतच नाही.

आता पट्टी. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. डोळा वळलेला असला की एकाच्या दोन वस्तू दिसायला पाहिजेत, पण लहान मुलाचा मेंदू त्या डोळ्याचं चित्र घ्यायचंच बंद करतो, म्हणून ती तक्रारही करत नाही. तोच आळशी डोळा. डोळा दिसायला ठीकठाक, पण मेंदूचा त्याच्याशी संबंध तुटत जातो. ऑपरेशननं डोळा सरळ होईल, नजर येणार नाही. नजर पट्टीनं येते, आणि पट्टी चांगल्या डोळ्यावर बांधायची, म्हणजे तिच्या बाबतीत डाव्या. हे आवर्जून सांगते कारण वाकड्या डोळ्यावर पट्टी बांधून महिनोन्‌महिने घालवलेले पालक आम्ही बघतो. पूर्वी दिवसभर बांधायला सांगायचे, पण मधल्या काळात मोठे अभ्यास झाले आणि मध्यम आळशीपणाला रोज २ तासही ६ तासांइतकेच उपयोगी पडले. तिला किती तास हे तिचे डॉक्टरच ठरवतील. नजर किती येते ते बघून मग ऑपरेशनची तारीख, सहसा असाच क्रम असतो.

पहिलीपर्यंत थांबू नका, हे तुमच्या मिस्टरांना नक्की दाखवा. ह्यूबेल आणि वीझल या दोघांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा वाढीच्या काळात बंद ठेवून बघितलं होतं. नंतर उघडला तरी मेंदूनं त्या डोळ्याकडून घेणं जवळपास सोडलेलं होतं. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. माणसाच्या मुलात हा काळ पिल्लांपेक्षा खूप लांब असतो, पण सात-आठ वर्षांनंतर पट्टीचा गुण कमी होत जातो. तुमच्याकडं आज जो वेळ आहे तो सोन्यासारखा आहे.

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय तेही सांगते. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू चिकटलेले असतात, ते डोळा फिरवतात. आत ओढणारा स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण साडेपाच मिलिमीटरवर चिकटलेला असतो, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाला छोटा छेद देऊन तो सोडवतात आणि मोजून काही मिलिमीटर मागं शिवतात, म्हणजे त्याची ओढ कमी होते. डोळ्याच्या आत जातच नाहीत. आणि एक, वाकडा दिसतो एक डोळा तरी ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं करू असं डॉक्टर म्हणू शकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मागं सरकवणं दोन्हीकडं वाटून घेतात. काही मुलांना पुढं दुसऱ्यांदाही करावं लागतं, ही शक्यता आधीच विचारून घ्या म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

शेवटचं, आणि हे जरूर बघा. बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला मागचा पडदा तपासलाय ना? फाईलमध्ये तसं लिहिलेलं असेल. तिरळेपणा कधी कधी आतल्या आजाराची पहिली खूण असते, मोतीबिंदू किंवा अगदी पडद्याची गाठसुद्धा. मलम घालून नंबर काढलाय म्हणजे बहुतेक पडदाही बघितला असेल, पण विचारा.

ठाण्याची_अ

मी ३४ वर्षांची आहे. माझा डावा डोळा बाहेर जायचा, उन्हात गेलं की मी तो मिटून घ्यायचे, घरी सगळे म्हणायचे सवयच लागलीय तिला. आई-वडील वाईट नव्हते हो, त्यांना कुणी सांगितलंच नाही. शाळेत चकणी म्हणायचे. वर्गात बाई माझ्याकडं बघून प्रश्न विचारायच्या आणि मी उत्तर द्यायला उभी राहिले की म्हणायच्या तुला नाही, मागच्या मुलीला, कारण त्यांना कळायचं नाही मी कुठं बघतेय. मग मी मान खाली घालूनच बसायला लागले. लग्नाच्या वेळी बघायला आलेल्या लोकांसमोर केस एका बाजूला पाडून बसायचे.

२९ व्या वर्षी माझ्या पगारातून ऑपरेशन केलं. मोठ्या माणसांत टाका सैल ठेवून शुद्धीवर आल्यावर डोळा बघून घट्ट-सैल करता येतो, माझं तसं केलं. पहिले दहा-बारा दिवस एकाच्या दोन वस्तू दिसायच्या, मग बंद झालं. डोळा सरळ आहे आता, मी लोकांच्या डोळ्यांत बघून बोलते, इंटरव्ह्यू देते. मोठेपणी करून काय उपयोग म्हणणाऱ्यांना सांगा, उपयोग आहे. पण त्या डोळ्याची नजर आली नाही ती नाहीच आली, पाटीवरची फक्त वरची मोठी अक्षरं दिसतात. पट्टीचं वय गेलेलं होतं. बार्शीची_आई, मुलगी रडली तरी बांधा. मी माझ्या आईला हे कधी बोलले नाही, तुम्हाला सांगतेय.

लातूरकर_मावशी

आमच्या नातीला जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. बाळ चेहऱ्याकडं बघत नव्हतं आणि फ्लॅश मारलेल्या फोटोत बाहुली पांढरी दिसायची. लोक म्हणाले लहान बाळाला कसला मोतीबिंदू, तो म्हाताऱ्यांना होतो. सुनेला गरोदरपणात अंगावर पुरळ आणि ताप येऊन गेला होता, डॉक्टर म्हणाले रुबेला असावा. दोन महिन्यांची असताना ऑपरेशन केलं, त्यांनी सांगितलं होतं याच्यात आठवडे मोजायचे असतात, महिने नाही. इतक्या लहानपणी आत भिंग बसवलं नाही, जाड भिंगांचा चष्मा लावला, तो डोक्यामागं इलॅस्टिकनं बांधायचो. आता पाच वर्षांची आहे, बालवाडीत जाते, आणि पट्टी आमच्याकडंही चालूच आहे.

खर्चाचं म्हणाल तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तपासायला, त्या डॉक्टरांना दाखवा, जन्मजात मोतीबिंदू त्यांच्या यादीतच आहे, आमची चिठ्ठी त्यांनीच दिली. तिरळेपणाचं जिल्हा रुग्णालयात विचारा, महात्मा फुले योजनेचीही चौकशी करा.

बार्शीची_आई

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, वाचताना रडायला आलं. ठाण्याची_अ ताई, तुमचं मी मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच सोलापूरला फोन करून नंबर लावला. फाईल काढून बघितली, पडदा नॉर्मल असं लिहिलंय.

आता पट्टी कशी टिकवायची तेवढं सांगा. खेचून काढते आणि कातडी पण लाल होते.

नाशिकचा_बाबा

आम्ही पट्टीची वेळ आणि कार्टून एकत्र बांधून टाकलं, पट्टी असेल तरच टीव्ही, नाही तर बंद. पहिले चार दिवस घर डोक्यावर घेतलं, पाचव्या दिवसापासून स्वतः पट्टी आणून द्यायला लागला. आजीनं पट्टीवर स्केचपेननं वाघ काढून दिला होता, मग रोज नवीन प्राणी. जवळचं काम द्या हातात, मणी ओवणं, शेंगा सोलणं, गोधडीच्या चिंध्या वेगळ्या करणं, काहीही. आणि पट्टी चष्म्यावर नको, डोळ्याला चिकटवा आणि वर चष्मा घाला, काचेवर लावली की मुलं बाजूनं बघतात. कातडीला रात्री खोबरेल तेल, सकाळी नीट पुसून मग पट्टी.

बार्शीची_आई

सात महिन्यांनी परत लिहितेय. पट्टी जमली, मणी ओवण्याच्या नादात जमली, आमच्याकडं आता एवढ्या माळा झाल्यात की देवाच्या सगळ्या फोटोंना घातल्या. उजव्या डोळ्याची नजर चार्टवर तीन ओळी वर आली. डोळा मात्र चष्म्यातून तेवढाच आत राहिला, दोनदा मोजलं, दोन्ही वेळा सारखंच, मग गेल्या गुरुवारी ऑपरेशन झालं. दृष्टी_सेवा ताई म्हणाल्या तसंच दोन्ही डोळ्यांचं केलं.

संध्याकाळी रडली तेव्हा गुलाबी पाणी आलं. सासूबाई घाबरल्या, मी त्यांना म्हटलं येतं असं, मला माहितीय, आणि टिपलं. आज सहावा दिवस, लाली आहे, थेंब चालू आहेत, डोक्यावरून आंघोळ अजून बंद. काल चष्मा घालून माझ्याकडं बघत होती, दोन्ही डोळ्यांनी.

पट्टी परत कधी सुरू करायची ते पुढच्या तपासणीला सांगणार आहेत. तोपर्यंत मण्यांचा डबा वर ठेवलाय, तर रोज मागते.