बर्फ रात्रीच करायचा असं काही नाही

मोठ्या इमारतींत एसीसाठी आधी टाकीत बर्फ करून ठेवतात आणि नंतर तो वितळवून गारवा मिळवतात, हा बर्फ रात्रीच करायचा असं धरलं जातं. यावर काही जण म्हणतात की बर्फ साठवून एसी चालवला तर वीज वाचत नाही उलट जास्तच लागते, ते बरोबरच आहे कारण चिलरला (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) शून्य अंशाच्या खाली जावं लागतं, पण मुद्दा युनिट वाचवायचा नाहीच, पीकचा (विजेची मागणी सर्वांत जास्त असते त्या वेळेचा) लोड दुसऱ्या वेळेवर सरकवायचा आहे. एक टन बर्फ वितळताना साधारण 93 युनिट एवढी उष्णता ओढून घेतो, म्हणजे तेवढी उष्णता काढायला चिलरला लागणारी 25-30 युनिट वीज ऐन पीकला लागत नाही. आणि केंद्राच्या 2023 च्या नियमांत सोलरच्या तासांत (दिवसा ऊन असताना) विजेचा दर कमी आणि पीकला जास्त असं ठरलंय, मग दुपारी बर्फ साठवा की आणि संध्याकाळी वापरा. मॉल, हॉस्पिटलवाल्यांनी हे खरंच मनावर घ्यायला हवं, नवीन बिल्डिंग असेल तर टाकीची जागा प्लॅनमध्येच धरा.