पेन्शनला ‘रोखे’ समजून बाकी सगळं शेअरमध्ये टाकावं का?

चक्रवाढ
निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. सरकारी पेन्शन आयुष्यभर मिळणार, वर महागाईनुसार वाढणार. मग सरकारी रोख्यांत, म्हणजे सरकारला व्याजाने दिलेल्या पैशांत, आणि तिच्यात फरक काय? वर्षाचा खर्च १०० धरा, त्यातले ६० पेन्शनमधून सुटतात. वीस वर्षांचे ढोबळ १,२०० झाले. साठवलेले ८००. ते निम्मे शेअरमध्ये ठेवले तरी एकूण २,००० मध्ये शेअर फक्त २०%! म्हणून सगळेच ८०० शेअरमध्ये टाकावेत म्हणतो. व्हॅनगार्ड या फंड कंपनीचे संस्थापक जॉन बोगलसुद्धा अमेरिकेतली सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथली सरकारी पेन्शन, रोख्यांसारखी मोजा म्हणायचे.

सावधमांजर
साफ असहमत. रोखे विकता येतात, पेन्शन विकून दाखवा! बाजार निम्म्यावर आला की स्वस्तातले शेअर घ्यायला पैसे कुठून आणणार? ते १,२०० कागदावरच. त्यात दवाखान्याचा मोठा खर्च निघाला, तर ८०० चे ४०० झालेले असताना तेच मोडावे लागतील. आणि ‘महागाईनुसार वाढणार’ हा शेवटी सरकारचा शब्द. ग्रीसमध्ये २०१० नंतर चालू पेन्शनलाच पुन्हा पुन्हा कात्री लागली.

चक्रवाढ
ग्रीसच्या सरकारी रोख्यांनाही २०१२ मध्ये मोठी कात्री लागली की. रोख्यांसारखीच, हेच तर म्हणतोय :)

हिशेबनीस
टक्केवारीवरून कशाला भांडताय? पेन्शन संपत्तीत मिळवू नका, खर्चातून वजा करा. तूट उरते ४० ची. पाच वर्षांची तूट, म्हणजे २००, ठेवींत ठेवा. मग उरलेले ६०० शेअरमध्ये असले तरी पडत्या बाजारात विकायची घाई नाही.

पण चक्रवाढ, तुमच्या पश्चात जोडीदाराला किती मिळणार? हे कुणीच विचारलं नाही. अनेक योजनांत पेन्शन कमी होते. ६० चे ३० झाले, तरी खर्च काही निम्मा होत नाही. घर तेच, वीज तीच. खर्च ८० वर आला तरी तूट ४० ची ५० होते, आणि तेव्हा शेअर सांभाळणारा माणूस नसतो. आमच्याकडे आईला बाबांच्या मागे फोलिओ म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली.

चक्रवाढ
जोडीदाराचा आकडा धरलाच नव्हता, चूक कबूल. २०० बाजूला ठेवतो. ६०० वर मात्र ठाम.

सावधमांजर
एकच विचारतो. २००८ मध्ये बाजार कोसळला तेव्हा शेअर विकले होते का?

चक्रवाढ
निम्मे. पण तेव्हा पेन्शन लांब होती.