ह्युवेक पेशी (नाळेच्या शिरेच्या आतल्या अस्तराच्या) प्रवाहाच्या दिशेने वळत नाहीत, मदत हवी आहे

दवबिंदू: पॅरलल प्लेट चेंबर (दोन समांतर पट्ट्यांमधली फट, तळाशी पेशी), पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत ठोक्याठोक्याने द्रव ढकलणारा), पेशींवर प्रवाहाचा घर्षणताण 12 डाइन प्रति चौ. सेंमी. 24 तास झाले तरी पेशी फरशीसारख्याच. सोमवारी फिक्स करायच्या (रसायनाने आहे त्या रूपात गोठवायच्या) आहेत. काय चुकतंय?

तळटीप: पॅसेज कितवा (कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्यात)? लेप कशाचा? थर पूर्ण भरलाय का?

दवबिंदू: चौथा. फायब्रोनेक्टिन (पेशी चिकटवून धरणारं प्रथिन). थर गच्च आहे.

नीलमोहर: योडा1 हे रसायन घाला. ताण ओळखणारं पेशीपटलावरचं पियेझो1 हे द्वार त्याने उघडतं, कॅल्शियम आत येतं, काम झालं.

तळटीप: कॅल्शियम येईल, पण दिशा कुठून येणार? ती प्रवाहच देतो.

नीलमोहर: पियेझो1 नसेल तर पेशी वळत नाहीत, हे 2014 मध्येच दाखवलंय.

तळटीप: म्हणजे ते लागतं. तेवढ्यावर भागतं असं नाही. पीकॅम-1, व्हीई-कॅडहेरिन आणि व्हीईजीएफआर2 हे ताण ओळखणाऱ्या प्रथिनांचं त्रिकूटही लागतं, आणि ते पेशींच्या सांध्यांवर असतं. म्हणून तर थराचं विचारलं.

 



कर्कटक: 12 कुठून आले? रुंदी, उंची, प्रवाह सांगा.

दवबिंदू: रुंदी 1 सेंमी, गॅस्केट (फटीची उंची ठरवणारी मधली पट्टी) 0.5 मिमी, 10.7 मिलि/मिनिट, स्निग्धता 0.007 पॉइज. ताण = 6μQ/wh² (μ स्निग्धता, Q प्रवाह, w रुंदी, h उंची), h = 0.025 सेंमी.

कर्कटक: इथेच घोळ आहे. 0.025 ही अर्धी उंची. ती 3μQ/2wa² मध्ये a म्हणून जाते. 6 वाल्या सूत्रात पूर्ण 0.05 हवी. उंचीचा वर्ग असल्याने ताण चौपट फुगलाय. पेशींना खरे मिळतायत 3 डाइन, तेवढ्यावर 24 तासांत रांग लागत नाही. 12 साठी साधारण 43 मिलि/मिनिट करा. आणि स्क्रू आवळल्यावर गॅस्केट दबतं, दबलेली जाडी मोजा: उंची 10 टक्के घटली तरी ताण 23 टक्के वाढतो.

तळटीप: एकदम 43 वर नेऊ नका, पेशी उपटतील. 3 वरून 6, तासाभराने 12. पंपाचे ठोके दाबायला मध्ये हवेची पोकळी असलेली बाटली जोडा.

दवबिंदू: पंप 43 देतो, पण मग नळीत बुडबुडे येतात.

कर्कटक: माध्यम (पेशींचं पोषक द्रव) थंड घालताय. तापलं की विरघळलेली हवा सुटते. रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवा, झाकण सैल. बबल ट्रॅप (बुडबुडे अडवणारं साधन) चेंबरला लागूनच बसवा. एक बुडबुडा आत गेला तरी पेशींचा अख्खा पट्टा सोलून निघतो.