जन्मजात अर्धमणका : शस्त्रक्रिया आताच करावी की थांबावे?

प्रश्न (एक आई) : माझ्या तीन वर्षांच्या मुलीच्या पाठीत, कमरेच्या थोडे वर, एक मणका अर्धाच तयार झालेला आहे. वर्षभरात कण्याची वक्रता 28 अंशांवरून 39 अंशांवर गेली. डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात, तर घरची वडीलधारी मंडळी पट्टा लावून थांबा म्हणतात. एवढ्या लहान पाठीत स्क्रू बसवण्याच्या कल्पनेनेच मन धास्तावते.

उत्तर (अस्थिशल्यचिकित्सक) : ताई, आपली भीती स्वाभाविक आहे; परंतु हा दोष गर्भाच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांतच, हाडाच्या घडणीत निर्माण झालेला असल्याने पट्ट्याने तो सरळ होत नाही. अर्धमणक्याची वाढ एकाच बाजूने होत राहते आणि वाक वाढतो. तो मणका काढून शेजारचे दोन मणके स्क्रू व सळ्यांनी जोडले, तर लहान वयात कण्याचा थोडाच भाग जोडून कायमचा न हलणारा करावा लागतो. उशीर झाल्यास वरखालचे निरोगी मणकेही जोडावे लागू शकतात. मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका असतो, म्हणून शस्त्रक्रियेदरम्यान मज्जातंतूंचे संदेश सतत तपासले जातात. त्याआधी मज्जारज्जूचा एमआरआय, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि हृदयाची इको तपासणी अवश्य करावी, कारण हे अवयव गर्भाच्या त्याच काळात घडतात आणि त्यांतही दोष असू शकतो.

उत्तर (एक वडील) : माझ्या मुलाची अशीच शस्त्रक्रिया चौथ्या वर्षी झाली. काही महिने प्लास्टर होते. वाढ पूर्ण होईपर्यंत नियमित एक्स-रे काढावे लागणार आहेत, हे आधीच मनाशी ठरवून ठेवा.