बाल्टिकचा हेरिंग: सल्ला देऊन विकणं पुरेसं आहे का?

उप्सालाकरीण
स्वीडनला युरोपीय संघाची एक सवलत आहे. बाल्टिक समुद्रातल्या हेरिंग (तारलीच्या कुळातला मासा), सॅल्मनसारख्या तेलकट माशांत डायऑक्सिन आणि पीसीबी ही विषारी रसायनं कायद्याच्या मर्यादेबाहेर निघाली तरी ते मासे देशात विकता येतात. मुख्य अट: खाणाऱ्याला सल्ला द्यायचा. २०१२ पासून ही सवलत कायमची झाली. सल्ला असा की मुलांनी आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी हे मासे वर्षातून दोन-तीनदाच खावेत, बाकीच्यांनी फार तर आठवड्यातून एकदा.

इथे हेरिंग राय नावाच्या धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळतात. तारलीवर वाढलेल्याला तो पहिल्याच घासाला आवडतो. आमच्या मराठी ग्रुपवर नवीन आलेल्या मुलींना विचारलं, तर हा सल्ला एकीलाही माहीत नव्हता.

आणि गरोदरपणी मासे सोडून फारसं काही साधत नाही. हे विष चरबीत साठतं, तळून-उकडून जात नाही, आणि शरीरातून निम्मं कमी व्हायला सात ते अकरा वर्षं लागतात. पंधराव्या वर्षी खाल्लेलं पंचविशीत बाळाच्या दुधात उतरतं. पंधरा वर्षांची पोर सरकारी सल्ला वाचून जेवायला बसते का? सवलत बंद करा.

तळलेला बोंबील
साफ असहमत. फिनलंडच्या मच्छीमारांच्या रक्तात डायऑक्सिन इतरांपेक्षा जास्त सापडलं, तरी त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण तिथल्या सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी होतं. माशातलं ओमेगा-३, ड जीवनसत्त्व कुठे मोजलंत? शिवाय सत्तरच्या दशकापासून बाल्टिकमधलं प्रमाण बरंच उतरलंय.

बंदी आली तर मरेल तो छोटा होडीवाला. मोठ्या ट्रॉलरचा बहुतेक हेरिंग तसाही मासळीच्या भुकटीला आणि तेलाला जातो. त्या तेलातलं डायऑक्सिन सक्रिय कोळशाने गाळता येतं, मग तेच तेल पाळीव सॅल्मनच्या पोटात. म्हणजे गरिबाचा मासा बंद आणि तोच गाळून श्रीमंताच्या ताटात. छान!

उप्सालाकरीण
बोंबीलराव, होडीवाल्याला भरपाई द्या, माझी ना नाही. पण मच्छीमार आधीच धट्टेकट्टे, दिवसभर राबणारे. आणि प्रश्न त्यांच्या मरणाचा नाही, पोरांचा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये आठवड्याची सुरक्षित मात्रा वजनाच्या किलोमागे १४ पिकोग्रॅमवरून (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) २ वर आणली, ती लहानपणी डायऑक्सिन पोटात गेलेल्या मुलग्यांच्या पुढे वीर्यावर झालेल्या परिणामावरून.

स्वीडनला हे नवीनही नाही. १९६६ मध्ये इथलेच रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सेन यांनी पीसीबी माशांत शोधलं, गरुडात शोधलं, आणि स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या केसांतही.

हिशेबनीस
दोघेही चुकीच्या जागी भांडताय. ६० किलोच्या बाईला आठवड्याला १२० पिकोग्रॅम. माशाची *कायदेशीर* मर्यादा ग्रॅममागे ६.५ पिकोग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमच्या तुकडीत ६५०. मर्यादेत बसणारा मासाही एका ताटात पाच आठवड्यांचा कोटा संपवू शकतो. सवलत काढून काय होणार? मर्यादा खाली आणा.

तळलेला बोंबील
त्या २ च्या हिशेबाने सरासरी युरोपीय माणूस आधीच मर्यादेबाहेर आहे, हे त्याच संस्थेने म्हटलंय. मग दूध, लोणी, मटण सगळंच बंद करा.

वसईचा पाटील
स्वीडन निदान सांगतो तरी. आमच्याकडे खाडीतली निवटी घेताना असला सल्ला मी तरी कधी ऐकला नाही.

उप्सालाकरीण
पाटीलकाका, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येते. इथे तो विषय घुसला की हेरिंग बाजूला राहील.

नवी_गोथेनबर्ग
ताई, मी दर आठवड्याला खातेय. लग्न पुढच्या वर्षी. आता काय करू?

उप्सालाकरीण
घाबरू नकोस, मासे सोडूही नकोस. पाकिटावर पकडल्याची जागा छापलेली असते. बाल्टिक असेल तर ठेवून दे. तुझ्याकडे पश्चिम किनाऱ्याचा, उत्तर समुद्राचा हेरिंग सहज मिळेल, तो खुशाल खा.

तळलेला बोंबील
बघा, दोन ओळींचा सल्ला पोचला की नाही? मी तेच म्हणतोय.

उप्सालाकरीण
पोचला, पण दुकानात नाही, इथे. पाकिटावर ठळक छापून दाखवा, मग सवलतीचं बोलू.