म्युनिकची नोकरी, घर ऑग्सबुर्गला?

म्युनिकमधली भाडी परवडत नाहीत म्हणून जवळच्या ऑग्सबुर्ग शहरात राहावं का, असं तुम्ही विचारलंय. आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिस असेल तर खुशाल राहा. रीजनल ट्रेनने साधारण पाऊण तास लागतो आणि डॉइचलांड-टिकेट (जर्मनीभर लोकल आणि रीजनल गाड्यांसाठीचा मासिक पास) त्यात चालतं, आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत मात्र नाही. रोज जायचं असेल तर हिवाळ्यातल्या रखडणाऱ्या गाड्या जीव नकोसा करतात.

या चर्चेत आधी उत्तरं देणाऱ्या सगळ्यांनी भाड्याचे आकडे दिलेत, पण ते काल्टमिटे की वार्ममिटे, हे कुणीच लिहिलेलं नाही. काल्टमिटे म्हणजे निव्वळ भाडं. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई धरून वार्ममिटे होतं, आणि वीज-इंटरनेट बहुधा त्याच्याही वर. डिपॉझिट ३ महिन्यांच्या काल्टमिटेपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि तेही ३ हप्त्यांत भरायचा तुम्हाला हक्क आहे. हे घरमालक आपणहून सांगतीलच असं नाही.

जाहिरातीत किचनचा उल्लेख नसेल तर स्वयंपाकघरात नुसते नळाचे पाइप आणि वायरी दिसतील. ओटा, सिंक, शेगडी सगळं तुम्ही आणायचं. आधीचा भाडेकरू बरेचदा आपलं किचन विकून जातो. अवश्य विचारा, खूप पैसे वाचतात.

सुरुवातीला फर्निश्ड खोली घेणार असाल तर तिथे आनमेल्डुंग (म्हणजे त्या पत्त्यावर राहत असल्याची सरकारी नोंदणी) करता येईल का, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत ही नोंदणी करायची असते आणि तिला घर देणाऱ्याचं पत्र लागतं. ती अडली की टॅक्स आयडीही लांबतो. आणि कृपा करून, घर न बघता कुणालाही आगाऊ पैसे पाठवू नका.