१९११ पिस्तुलाचं डिझाईन समजून घ्यायचंय, आणि गनस्मिथिंग (बंदुका बनवायचं-दुरुस्तीचं काम) आपल्याकडं शिकता येतं का?

कुपवाडचा_फिटर

नमस्कार मंडळी. आयटीआय फिटर करून कुपवाड एमआयडीसीत पंपाचे पार्ट करणाऱ्या एका शॉपमध्ये कामाला आहे. बंदुकीचं लायसन नाही, काढायचंही नाही, घरात कोण शिकारी पण नाही, तरी सध्या कोल्ट १९११ चं येड लागलंय. पाळी सुटली की ते खोलायचे-जोडायचे व्हिडिओ बघत बसतो, बायको म्हणते दिवसभर पार्टच बघता, अजून पोट भरलं नाही का. अडचण अशी की व्हिडिओवाले भराभरा बोलतात आणि जे आपल्याला पाहिजे ते सोडून बाकी सगळं सांगतात.

तर विचारायचं असं की गोळी सुटल्यावर बॅरल मागं पण सरकते आणि मागनं खाली पण झुकते, ते कशासाठी? बॅरल फ्रेमला पक्की बसवून टाकली असती तर काय बिघडत होतं? दुसरं म्हणजे जो तो सांगतो की चांगलं १९११ हॅन्ड-फिट असतं, कारागीर कानस घेऊन एकेक पार्ट बसवतो. मग दुसऱ्या महायुद्धात ही पिस्तुलं लाखांनी निघाली तेव्हा कानस घेऊन कोण बसलं होतं? हे गणित मला काय सुटंना. आणि शेवटचं, हे काम भारतात कायदेशीर शिकायची काही वाट आहे का, का नुसतंच व्हिडिओ बघायचे?

सुभेदार_निवृत्त

रामराम. ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती खात्यात, आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो, आता पेन्शन घेऊन साताऱ्यात. माझ्या हाताखालनं १९११ नाही गेलं, आपल्या फौजेचं ते ९ एमएम १ए, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, म्हणजे मूळचं बेल्जियमचं हाय-पॉवर. पण दोन्हीचं मूळ एकाच माणसापाशी जातं, जॉन ब्राउनिंग. अमेरिकेतल्या ऑग्डेनचा, बाप पण बंदुका करणारा. १९२६ साली वारला तो सुद्धा बेल्जियममध्ये लिएजला, कारखान्यात काम चालू असताना.

आता तुझा पहिला प्रश्न. ज्या पिस्तुलाची गोळी हलकी, उदाहरणार्थ .३२, तिथं बॅरल पक्की चालते. स्लाईड, म्हणजे बॅरलवरचं मागंपुढं सरकणारं कवच, नुसत्या वजनानं आणि स्प्रिंगनं दाब पेलते. १९११ च्या .४५ ला तसं करायचं म्हटलं तर स्लाईड एवढी जड आणि स्प्रिंग एवढी कडक लागंल की गड्याला हातानं ओढायला येणार नाही. म्हणून ब्राउनिंगनं काय केलं, बॅरलच्या पाठीवर आडव्या पट्ट्या ठेवल्या आणि स्लाईडच्या आतल्या बाजूला त्यांना बसतील अशा खाचा. फायर झाला की दोन्ही एकमेकांत अडकलेले असतात आणि जोडीनं मागं निघतात. ही जोडी थोडीच मागं जाते, काही मिलिमीटर, तेवढ्यात गोळी नळीच्या बाहेर पडलेली असते आणि आतला दाब उतरलेला असतो. बॅरलच्या खाली, मागच्या अंगाला एक छोटी लिंक आहे, दोन भोकांची. वरचं भोक बॅरलच्या पिनमध्ये, खालचं स्लाईड स्टॉपच्या पिनमध्ये, आणि ती पिन फ्रेममध्ये असल्यामुळं जागची हलत नाही. बॅरल मागं गेली की लिंक त्या पिनेभोवती फिरते आणि फिरता फिरता बॅरलचा मागचा भाग खाली ओढते. पट्ट्या खाचांतून सुटल्या, बॅरल थांबली, स्लाईड एकटी पुढचं काम करायला मोकळी, रिकामं केस (पुंगळी) बाहेर टाकायचं, हॅमर म्हणजे मागचा घोडा चढवायचा, येताना मॅगझिनमधनं नवा राउंड घेऊन यायचं. तेवढ्या एका लिंकवर सगळा खेळ आहे बघ.

हे पहिल्या झटक्यात सुचलेलं नाही. १९०० च्या मॉडेलला दोन लिंक होत्या, एक पुढं एक मागं, त्यामुळं अख्खी बॅरल सरळच्या सरळ खाली जायची. आणि स्लाईड अडवायला पुढं फक्त एक आडवी पाचर, ती तुटली किंवा निसटली तर स्लाईड चालवणाऱ्याच्या तोंडावर यायची भीती. पुढं दहाएक वर्षांत पुढची लिंक काढून तिथं बुशिंग (बॅरलचं तोंड धरणारं कडं) आलं आणि स्लाईड निघायची ती पुढच्या बाजूनंच निघते. मागनं सुटून अंगावर यायचा प्रश्नच मिटला. तुझ्यासारख्या फिटर माणसानं हा बदल नीट बघावा, असं मला वाटतं, एक पार्ट कमी झाला आणि धोका पण गेला.

ग्रिप सेफ्टी (मूठ दाबल्याशिवाय फायर होऊ न देणारी) आणि अंगठ्याची सेफ्टी दोन्ही घोडदळामुळं आल्या. एका हातात लगाम, घोडा बिथरला, दुसऱ्या हातात चढवलेलं पिस्तूल, मग एका हातानंच सेफ करता आलं पाहिजे. बाकी प्रश्न दुसरे कोण घेतील, माझं टायपिंग हळू आहे.

मिरज_टूलरूम

सुभेदार साहेबांनी झकास सांगितलं. दुसरा प्रश्न माझ्या धंद्यातला आहे म्हणून मी घेतो.

भावा, तुझं गणित सुटंना कारण दोन वेगळी पिस्तुलं तू एकात मिसळतोयस. अमेरिकन फौजेचं १९११ हॅन्ड-फिट नव्हतंच. फौजेची अट उलटी होती, कुठल्याही कारखान्याचा कुठलाही पार्ट उचलायचा आणि कुठल्याही पिस्तुलात टाकायचा, बसला पाहिजे. त्यासाठी ड्रॉइंगवर टॉलरन्स (माप किती कमीजास्त चालंल ते) द्यायचा आणि गो-नोगो गेजनं, म्हणजे एक टोक बसलं पाहिजे आणि दुसरं बसता कामा नये अशा मापानं, तपासायचं, आपण रोज करतो तेच. आणि बनवणारे कोण बघ, रेमिंग्टन रँड म्हणजे टाइपरायटरवाले, त्यांनी युद्धात सगळ्यात जास्त बनवली, पावणेनऊ लाखांच्या आसपास. युनियन स्विच अँड सिग्नल, ते रेल्वेचे सिग्नल करणारे. सिंगर, हो तेच शिलाई मशीनवाले, त्यांनी फक्त ५०० केली आणि मग सरकारनं त्यांना दुसऱ्या कामाला लावलं, आता त्या ५०० पैकी एखादं सापडलं तर जमवणारे लोक वाटेल ती किंमत देतात. यातला कोणीही मूळचा बंदूकवाला नाही! ड्रॉइंग आणि गेज चोख असल्यावर टाइपरायटरवाला पण पिस्तूल काढतो, हे आपल्या एमआयडीसीतल्या प्रत्येक मालकानं भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे पण ते जाऊ दे.

आता हे जमायचं तर पार्टात थोडी ढील ठेवावीच लागते. स्लाईड हलवली तर खडखड वाजते. पण त्याच ढिलीमुळं चिखल, वाळू आत गेली तरी चालतं. १९११ च्या मार्चमधल्या टेस्टमध्ये एकाच पिस्तुलातून ६००० राउंड मारले, १०० मारले की पाच मिनिटं थंड करायचं, १००० झाले की साफ करून तेल. कोल्ट एकदाही अडलं नाही, स्पर्धेतलं सॅव्हेज कंपनीचं ३७ वेळा. २९ मार्च १९११ ला फौजेनं घेतलं आणि १९८५ पर्यंत तेच मेन पिस्तूल होतं.

हॅन्ड-फिट हा प्रकार नंतरचा, टार्गेटवाल्यांचा. त्यांना चिखलाशी देणंघेणं नाही, त्यांना एका भोकात गोळ्या पाहिजेत. मग कारागीर बॅरल मुद्दाम जरा जाड घेतो, पुढं बुशिंगमध्ये, मागं स्लाईडच्या तोंडाशी आणि खाली त्या पिनेवर, अशा तीन जागी. प्रशियन ब्लू (निळा रंग) लावायचं, जोडायचं, खोलायचं, निळं कुठं लागलंय बघायचं, तेवढंच कानशीनं किंवा ऑइलस्टोननं घ्यायचं, परत ब्लू. एक हात जास्त पडला की बॅरल भंगारात. सगळा जीव त्यात की प्रत्येक फायरनंतर बॅरल जिथं होती तिथंच परत येऊन बसली पाहिजे.

आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना बघितलीयस का कधी? घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा, परत एक हात. अगदी तसलं काम. आणि गंमत सांगू का, मिरजेतले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाले घडवणारे, धार लावणारे. हत्यारांना गिऱ्हाईक राहिलं नाही तसं फरीदसाहेबांसारखी माणसं वाद्यांकडं वळली, आणि आता मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालाय. तेव्हा तुझ्या गावाच्या जवळच हत्याराचा हात आणि कानस पिढ्यान् पिढ्या चालूच आहे, फक्त माल बदलला.

हायपॉवर_फॅन

सगळं खरं पण १९११ ची जरा जास्तच आरती चाललीय. ब्राउनिंगचं स्वतःचं नंतरचं डिझाईन बघा, त्याच्या माघारी ड्यूडोने सैव्हनं पूर्ण केलं, १९३५ चं हाय-पॉवर. त्यात लिंक काढून टाकली आणि बॅरलच्या खालीच तिरकी खाच दिली, तिनंच बॅरल खाली येते. हलणारा पार्टच नाही तर झिजणार काय. मॅगझिनमध्ये १३ राउंड, १९११ मध्ये ७. आज जगात निघणारी बहुतेक पिस्तुलं त्या खाचेवरच चालतात, लिंकवर नाही.

शिवाय १९११ चा एक्स्ट्रॅक्टर, रिकामं केस ओढून काढणारा पार्ट, म्हणजे डोकेदुखी. एकच लांब पट्टी, तीच आकडा आणि तीच स्वतःची स्प्रिंग. स्टील चांगलं नसेल किंवा हीट ट्रीटमेंट गंडली तर ताण जातो आणि केस आतच अडकतं. चांगला कारागीर तो हातानं वाकवून ताण जुळवतो, पण मग परत माणसाच्या हातावर आलं की.

सुभेदार_निवृत्त

हाय-पॉवरच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, आयुष्य त्यातच गेलं. तरी १९११ च्या बाजूनं एक बोलतो. १९११ ची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ग्रिपचे स्क्रू सोडले तर ते जवळजवळ पूर्ण खुलतं, तेही त्याचेच पार्ट हत्यार म्हणून वापरून. आर्मररला विचारा याची किंमत काय, उघड्यावर टॉर्चच्या उजेडात काम केलंय ज्यानं त्याला कळंल. आत एक तीन पाकळ्यांची चपटी स्प्रिंग आहे, डावी पाकळी सिअरला (हॅमर अडवून धरणारा खटका) दाबते, मधली डिसकनेक्टर (एका दाबात एकच गोळी सुटू देणारा पार्ट) आणि ट्रिगरला, उजवी ग्रिप सेफ्टीला. एका पत्र्याच्या तुकड्यानं तीन कामं, दुसऱ्या कोणी तीन स्प्रिंगा घातल्या असत्या आणि तीन हरवल्या असत्या.

आणि पोरा, हॅमर आणि सिअर जिथं एकमेकाला धरतात ती जागा व्हिडिओ बघून घासायची नसते. तिथं चूक झाली तर बोट न लावता फायर होतो किंवा एका दाबात दोन-तीन. फौजेत सुद्धा ते काम सगळ्यांना देत नाहीत.

वकील_कराड

तिसऱ्या प्रश्नावर येतो कारण इथं माणसं गमतीगमतीत अडकतात. आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये शस्त्र म्हणजे नुसतं अख्खं पिस्तूल नाही, त्याचे पार्ट पण आले आणि ते बनवायची मशिनरी पण. कलम ५ प्रमाणं बनवायलाच नाही, दुरुस्त करायला आणि टेस्ट करायला सुद्धा लायसन लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवल्याची शिक्षा कमीत कमी ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. तेव्हा शॉपमधल्या व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) सुट्टीच्या दिवशी नुसती एक लिंक काढून बघू, शोपीस म्हणून ठेवू, असं डोक्यात आलं असंल तर आत्ताच काढून टाक. मालकाचं मशीन पण जप्त होतं, तुझ्याबरोबर त्याचाही धंदा बसंल.

कायदेशीर वाटा मोजक्याच. फौजेत किंवा पोलिसात आर्मरर म्हणून भरती. नाहीतर सरकारी कारखान्यात अप्रेंटिस, जुनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्या झाल्या, त्यातली छोटी हत्यारं करणारी एडब्ल्यूईआयएल, कानपूर आणि ईशापूरचे कारखाने तिच्याकडं. आयटीआय फिटर, मशिनिस्ट हे त्यांच्या ट्रेडमध्ये बसतात. तिसरी वाट लायसन असलेल्या दुरुस्तीवाल्या दुकानात हाताखाली, पण अशी दुकानं कमी आणि मालक घरचं पोरगं सोडून कोणाला शिकवत नाहीत, हा माझा अनुभव.

कुपवाडचा_फिटर

बाप रे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, लिंक काढून बघायचा विचार डोक्यात होता हे कसं ओळखलंत, आता नाही काढत. अप्रेंटिसचं वय निघून गेलं असंल बहुतेक, तरी जाहिरात बघतो. पण घरी बसून डिझाईन शिकायला काय करू? नुसतं बघून डोक्यात राहत नाही, हाताला काहीतरी काम पाहिजे.

सुभेदार_निवृत्त

कागद घे. ब्राउनिंगचं पेटंट १४ फेब्रुवारी १९११ चं आहे, नंबर ९,८४,५१९, नेटवर फुकट मिळतं, आतली चित्रं अशी सुबक आहेत की बघत राहावं. ए-थ्री वर प्रिंट मार. मग बॅरल, लिंक आणि ती पिन एवढंच वेगळं काढ, तीन वेळा: लॉक असताना, सुटायला लागल्यावर, पूर्ण खाली आल्यावर. पिनेत कंपास रोवून लिंकच्या वरच्या भोकाचा कंस मारला की कळंल बॅरल किती मागं जाते आणि त्यात किती खाली येते. ते झालं की त्याच कागदावर हाय-पॉवरची खाच काढ, मग या फॅनसाहेबांशी भांडायला मुद्दे मिळतील.

मिरज_टूलरूम

आणि कॅडवर नको काढू पहिल्यांदा, ड्रॉइंग बोर्डावरच काढ. माझ्याकडं जुना पडून आहे, ड्राफ्टरसकट (रेघा मारायचं बोर्डावरचं साधन). रविवारी मिरजेला आलास तर घेऊन जा, फक्त टेम्पो तुझा.